गप्पी माशाचे दोन प्रवास

महाराष्ट्रातल्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर हिवतापाविषयी ज्या सूचना रंगवलेल्या असतात, त्यांत ‘गप्पी मासे सोडा’ ही सूचना बहुधा असतेच. हे नाव वाचणाऱ्याला सहज वाटून जाते की, ते आपल्या ‘गप्पा’ ह्या शब्दावरून पडले असावे. हे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी घोळक्याने जमतात, तोंडे उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. चावडीवर बसलेली मंडळीच जणू! समज गोड आहे. परंतु खरा नाही. गप्पी हे एका माणसाचे आडनाव आहे आणि तो माणूस आपल्या देशापासून हजारो मैल दूर, वेस्ट इंडीज बेटांतील त्रिनिदाद येथे राहत होता.

ह्याच माशाची दुसरी ओळख शहरांतल्या घरांत होते. बंगळूर, म्हणजे आजचे बेंगळुरू, ह्या शहराच्या आग्नेय अंगाला सर्जापूर रोड नावाचा मार्ग आहे. आगरा तळ्याच्या बाजूने निघून इब्लूर, कैकोंडरहळ्ळी, दोम्मसंद्र अशी गावे घेत तो जुन्या विणकरांच्या सर्जापूर गावी पोहोचतो. एके काळी ह्या वाटेवर नाचणीची शेते आणि गावोगावची तळी होती. आज तिथे संगणकाच्या कचेऱ्या आहेत आणि बहुमजली सदनिकांच्या रांगा आहेत. पुण्या-नागपुराकडून आणि बेळगावाहून नोकरीसाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबेही त्यांत नांदत आहेत. अशा घराच्या बैठकीत दोन हात लांबीची काचेची टाकी असते, तिच्यात हिरवी पाणवनस्पती असते आणि तिच्यातून निळ्या, नारिंगी, ठिपकेदार शेपट्या नाचवीत हिंडणारे मासे असतात. हेही गप्पीच. आणि त्याच इमारतीच्या कुंपणाबाहेरच्या गटारात, काळ्या पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेणारे जे करड्या रंगाचे मासे दिसतात, तेही गप्पीच.

दिवाणखान्यातला मानकरी आणि गटारातला मजूर हे एकाच कुळातले कसे? आणि एकाला घरात सांभाळणाऱ्याने दुसऱ्याविषयी काही जबाबदारी मानावी काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत. तो इतिहास जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे. पण त्यात माणसाच्या पाण्याशी असलेल्या वागणुकीची बरीच मोठी गोष्ट सामावलेली आहे.

रॉबर्ट जॉन लेचमीअर गप्पी ह्यांचा जन्म १८३६ साली लंडनमध्ये झाला. तरुणपणी त्यांचे जहाज न्यूझीलंडच्या किनाऱ्याशी फुटले आणि सुमारे दोन वर्षे ते तेथील माओरी लोकांत राहिले. पुढे ते त्रिनिदादला स्थायिक झाले. शाळा तपासणे हा त्यांचा व्यवसाय, आणि भूगर्भशास्त्र, शंखशिंपले व प्राणी ह्यांचा अभ्यास हे त्यांचे व्यसन. तेथल्या ओढ्यांतून मिळालेल्या एका इवल्याशा माशाचे नमुने त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. तेथील मत्स्यतज्ज्ञ आल्बर्ट ग्युंथर ह्यांनी १८६६ मध्ये त्या माशाला गप्पींचे नाव दिले. मागाहून असे निष्पन्न झाले की, विल्हेल्म पीटर्स ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून ह्याच माशाचे वर्णन १८५९ सालीच करून ठेवले होते. शास्त्रीय नामकरणात पहिल्याचा मान पहिला असतो. म्हणून शास्त्राच्या पोथीत ‘पोसिलिया रेटिक्युलाटा’ हे पीटर्सचे नाव राहिले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पी बसले ते कायमचेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या माशाचे दोन प्रवास जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले. १९०८ च्या सुमारास तो जिवंत स्थितीत जर्मनीत पोहोचला, आणि पाहता पाहता युरोपातल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांचे भूषण झाला. साधारण त्याच वर्षांत, म्हणजे १९०८ ते १९१० च्या दरम्यान, तो हिंदुस्थानात आणला गेला. पण शोभेसाठी नव्हे, डासांच्या अळ्या खाण्यासाठी. एका प्रवासात त्याला पाहुणा म्हणून बोलावले, दुसऱ्यात चाकर म्हणून. पुढचे सगळे चमत्कार ह्या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्यामुळे घडले.

त्याला चाकरीला ठेवण्याची कल्पना बार्बाडोस बेटावरून निघाली. त्या बेटावर हे मासे इतके विपुल होते की, लोक त्यांना ‘मिलियन्स’, म्हणजे लक्षावधी, म्हणत. शेजारच्या बेटांवर हिवतापाचा कहर असताना बार्बाडोस मात्र त्यापासून मुक्त होते. तेव्हा हा त्या लक्षावधी माशांचाच प्रताप, असा निष्कर्ष निघाला आणि देशोदेशीचे अधिकारी हे मासे मागवू लागले. परंतु १९२७ साली बार्बाडोसमध्येही हिवतापाची साथ आली. मासे होते तिथेच होते. मात्र हिवताप वाहणारा अ‍ॅनॉफिलीस जातीचा डास तोपर्यंत त्या बेटावर नव्हता, तो आता येऊन पोहोचला होता. म्हणजे ज्या कीर्तीच्या बळावर गप्पी जगभर गेला, तिचा पायाच डळमळीत होता. मासा अळ्या खातो हे खरे. तो एकटा हिवताप थांबवतो हे खरे नव्हे. ह्या दोन विधानांतले अंतर ध्यानात ठेवले, तर पुढची कथा नीट उमगते.

ह्या कथेत बंगळूर फार लवकर येते. १८८३ साली रोनाल्ड रॉस हे तरुण लष्करी डॉक्टर बंगळूरच्या छावणीत नेमणुकीवर होते. डास आणि हिवताप ह्यांचा संबंध त्यांनी सिकंदराबादेत सिद्ध केला तो १८९७ च्या ऑगस्टमध्ये. बंगळुरात असताना त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. त्यांना एवढेच जाणवत होते की, आपल्या बंगल्यात डास फार आहेत. खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. रॉसनी ते पिंप उपडे केले आणि डास कमी झाले. हा उपाय इतरत्रही करावा असे त्यांनी एका अधिकाऱ्यास सुचवले, तेव्हा तो उलट नाराजच झाला. सृष्टीने डास निर्माण केले आहेत, तर तिच्या व्यवस्थेत ढवळाढवळ का करावी, असा त्याचा रोख होता. हा प्रसंग रॉसनी आपल्या आठवणींत नमूद केला आहे. पुढे ह्याच शहराने डासांवर मासे सोडले, तेल ओतले, औषधे फवारली. परंतु त्या सर्वांहून जुना, सोपा आणि फुकटचा उपाय पिंप उपडे करण्याचा होता, आणि तो बंगळुरातच हाती आला होता.

हिवतापाच्या ह्या संशोधनात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे. विल्यम ग्लेन लिस्टन हे डॉक्टर एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास असताना त्यांनी तेथल्या डासांच्या सवयींचे बारकाईने निरीक्षण केले. १९०१ साली त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीच ‘अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी’. शहरांतल्या विहिरी, हौद आणि गच्चीवरच्या टाक्या ह्यांत वाढणारा, नागरी हिवतापाचा हा मुख्य वाहक. मुंबईतल्या हिवतापाची चौकशी करून डॉ. बेंटली ह्यांनी १९११ साली जो अहवाल दिला, त्यात ह्याच डासाकडे आणि त्याला आश्रय देणाऱ्या विहिरींकडे बोट दाखवले होते. त्या अहवालानंतर विहिरी झाकण्याची व बुजवण्याची मोहीम निघाली, तेव्हा मोठा विरोध झाला. पुष्कळांच्या दृष्टीने विहीर हे केवळ पाणी साठवण्याचे ठिकाण नव्हते, ते पवित्र स्थान होते. तेव्हा विहीरही राहावी आणि डासही मरावेत, ह्यासाठी मासा हा तडजोडीचा उत्तम मार्ग ठरत होता.

मासे हवे होते, तर ते परदेशातूनच आणावे लागत होते असे मात्र नव्हे. सेवेल आणि चौधुरी ह्या दोघांनी १९१२ सालीच अळ्या खाणाऱ्या भारतीय माशांवर पुस्तिका लिहिली होती. बैनी प्रशाद आणि सुंदरलाल होरा ह्यांनी १९३६ साली अशा माशांचा पुन्हा एकदा आढावा घेतला. आपल्या ओढ्यांतली चपळ दांडवण घ्या, किंवा डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवीत पृष्ठभागालगत तरंगणारा अ‍ॅप्लोचेलस घ्या. डासांच्या अळ्या हे त्यांचे नित्याचे अन्न. परंतु घरच्या वैद्याचे औषध नेहमीच फिके वाटते. १९२८ साली डॉ. बी. ए. राव ह्यांनी इटलीहून ‘गॅम्बुसिया’ नावाचा मासा आणवला, आणि तो भारतात प्रथम आला तो बंगळुरातच. म्हैसूर संस्थानाने त्या काळात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने हिवतापाचा अभ्यास आरंभला होता. डॉ. स्वीट आणि डॉ. राव ह्यांनी १९३७ मध्ये स्टीफेन्सी डासाच्या पोटजाती वेगळ्या करून दाखवल्या. त्यांतल्या एकीला ‘मायसोरेन्सिस’, म्हणजे म्हैसूरची, असे नाव आहे. अशा रीतीने गप्पी आणि गॅम्बुसिया हे दोन चुलतभाऊ दक्षिणेतल्या विहिरीतळ्यांत रुजले.

मग दुसरे महायुद्ध झाले आणि डीडीटी आले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे त्याने दगावत. मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन ह्यांनी धारवाड आणि कारवार भागांत डीडीटी फवारणीचे जे प्रयोग केले, त्यांनी साऱ्या देशाला दिशा दिली. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. हा विजय सामान्य नव्हता. लक्षावधी घरांतल्या चुली त्यामुळे पेटत्या राहिल्या. त्या विजयाच्या भरात मासा विस्मरणात गेला, हे स्वाभाविक होते. परंतु डास औषधाला सरावले, दक्षता ढिली पडली, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. एकाच रामबाण उपायावर विसंबण्याची किंमत देशाला दुसऱ्यांदा मोजावी लागली.

त्यानंतर अभ्यासक पुन्हा माशाकडे वळले, आणि ह्या वेळी अधिक शहाणपणाने वळले. बंगळूरच्या पूर्वेला कोलार जिल्हा आहे. त्या टापूत घरोघरी रेशमाचे किडे पाळतात. डास मारणारे औषध रेशमाच्या किड्यालाही मारते. त्यामुळे शेतकरी घरात फवारणी करू देत नसत. एकीकडे ताप, दुसरीकडे पोटाचा धंदा, असा हा पेच. १९९० नंतरच्या दशकात राष्ट्रीय हिवताप संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी कोलारमधील कामसमुद्र परिसरातील विहिरींत गप्पी सोडले, तर हासन जिल्ह्यातील बाणावर भागात गॅम्बुसिया सोडले. तिथे हिवताप वाहणारा डास प्रामुख्याने विहिरींतच वाढत होता. विहिरी मोजता येण्याजोग्या होत्या, बंदिस्त होत्या, त्यांवर नजर ठेवता येत होती. म्हणून उपाय लागू पडला आणि त्या गावांतला हिवताप ओसरत गेला. २००१ च्या डिसेंबरात कर्नाटकातल्या गावांतून ‘कलाजथा’ ह्या लोकनाट्याच्या द्वारे विहिरीतल्या माशांचे महत्त्व समजावून सांगण्यात आले. आपल्याकडे तमाशाच्या वा कीर्तनाच्या अंगाने असे लोकशिक्षण होतच आले आहे. त्याचीच ही कानडी बहीण. मासा, त्याची विहीर आणि त्या विहिरीची काळजी वाहणारे गाव हे तिघे एकत्र आले, तेव्हाच यश मिळाले, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

आता दुसऱ्या प्रवासाकडे, शोभेच्या गप्पीकडे वळू. पाण्यातल्या जिवांकडे पाहून मन रमवण्याची हौस आपल्याला पाश्चात्यांनी शिकवली, असे मानण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा जो संस्कृत ज्ञानकोश रचला, त्यात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य आणि गळाने त्यांना पकडण्याची कला ह्यांचे वर्णन त्यात येते. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पदरचनेमुळे परिचित आहे. ह्या प्रकरणाचा आधुनिक मत्स्यशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास १९५१ साली ज्यांनी प्रसिद्ध केला, ते सुंदरलाल होराच. मात्र काचेच्या पेटीत वनस्पती आणि मासे एकत्र ठेवून पाण्याचा समतोल राखण्याचे तंत्र इंग्लंडात १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनी मांडले, आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेमागचा मासा प्रथम पाहिला तो तिथे. बंगळूरच्या कब्बन पार्कमधले सरकारी मत्स्यालय १९८३ सालचे. हळूहळू ही हौस घराघरांत उतरली. मुंबईतले क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला, चेन्नईचे कोळत्तूर ह्या बाजारपेठांतून गप्पी पिशवीत पाणी भरून गावोगावी जाऊ लागला.

ह्या पाहुण्याने शास्त्राचीही सेवा केली आहे. डेन्मार्कचे योहान्स श्मिट ह्यांनी १९२० साली दाखवले की, नर गप्पीच्या अंगावरचा एक ठिपका बापाकडून फक्त मुलाकडेच जातो. आनुवंशिकतेच्या इतिहासात हा शोध महत्त्वाचा ठरला. हेलन स्परवे ह्या इंग्रज जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९५० नंतरच्या वर्षांत गप्पी माद्यांच्या प्रजननावर काम केले. त्या आणि त्यांचे पती, विख्यात शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ साली भारतात आले आणि त्यांनी ह्या देशाला आपले घर मानले. त्रिनिदादच्या ओढ्यांत जॉन एंडलर ह्यांनी केलेले प्रयोग तर बोधप्रद आहेत. जिथे गप्पीला खाणारे मोठे मासे असतात, तिथे नराचे रंग पिढ्यांगणिक फिके होत जातात. जिथे शत्रू थोडे, तिथे ते खुलतात. आपल्या टाकीतल्या गप्पीच्या शेपटीवर जो थाट दिसतो, तो निर्भय जीवनाचा आणि माणसाने केलेल्या निवडीचा थाट आहे. ओढ्यातल्या वा गटारातल्या त्याच्या भावाला तो परवडत नाही.

गप्पी पाळणे हे त्यातल्या त्यात सोपे मानले जाते, आणि नेमका तिथेच घोळ होतो. पसरट तोंडाची, सात-आठ घागरी पाणी मावेल अशी टाकी त्याला पुरते. अरुंद काचगोळा मात्र पुरत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्याला सोसत नाही, म्हणून ते पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. त्याच्या विष्ठेतून अमोनिया निर्माण होतो आणि तो विषारी असतो. गाळणीतल्या आणि वाळूतल्या सूक्ष्म जिवाणूंची वसाहत तयार होऊन ती त्या विषाचे रूपांतर करू लागेपर्यंत काही आठवडे जावे लागतात. ज्यांना हा धीर नसतो, त्यांचे मासे पहिल्याच महिन्यात मरतात. सगळे पाणी एकदम न बदलता आठवड्याला चौथा हिस्सा बदलावा, आणि अन्न दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. एवढे पथ्य पाळले, तर मासे सुखाने राहतात. आणि सुखाने राहिले की वाढतात.

ही वाढ सामान्य नव्हे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. साधारण महिन्याला एक वेत होते आणि एका वेतात वीस, तीस, क्वचित त्याहून कितीतरी अधिक पिल्ले असतात. नराचे बीज ती अनेक महिने साठवून ठेवू शकते. त्यामुळे नर दूर केला तरी वेते चालूच राहतात. अलीकडच्या संशोधनात असेही दिसले आहे की, एकटी गाभण मादी नव्या पाण्यात सोडली तरी तिच्यापासून वसाहत उभी राहू शकते. आईबाप पिल्लांना खातात, तरीही दाट वनस्पती असली की पुष्कळ वाचतात. सहा महिन्यांत टाकी भरून वाहते. शेजाऱ्यांना देऊन होतात, मुलांच्या मित्रांना देऊन होतात, आणि मग एके दिवशी घरातले कोणीतरी उरलेले मासे पिशवीत घालून जवळच्या तळ्यावर नेतात. आपण एका मुक्या जिवाला मोकळे केले, शिवाय डासांचाही बंदोबस्त केला, अशा दुहेरी पुण्याच्या समाधानात ते घरी परततात. येथे गप्पीचे दोन्ही प्रवास एकत्र येतात.

ते तळे कोणते? सर्जापूर रोडच्या दोन्ही अंगांना कैकोंडरहळ्ळी, कसवनहळ्ळी, हरळूर, सौळ केरे अशी तळी आहेत. पूर्वजांनी ती साखळीने बांधली. वरचे भरले की त्याचे पाणी खालच्यात जाई, तिथून सुमारे ९०० एकरांच्या बेळ्ळंदूर तळ्यात, मग वर्तूरच्या तळ्यात आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीत. म्हणजे वरच्या तळ्यात सोडलेला मासा पावसाळ्यात कुठवर जाईल, ह्याला सीमा नाही. १८९६ साली हेसरघट्टाहून नळाचे पाणी बंगळुरात आले, १९७४ साली कावेरी आली, आणि जसजसे पाणी दुरून येऊ लागले तसतशी जवळच्या पाण्यावरची नजर उडाली. तळी सांडपाण्याची भांडी झाली. २०१५ आणि २०१७ साली बेळ्ळंदूर तळ्याला आग लागली, ही बातमी साऱ्या जगाने वाचली. पाण्याला आग लागणे हा पूर्वी वाक्प्रचार होता, तो तेथे वृत्तान्त झाला. दुसरीकडे कैकोंडरहळ्ळीच्या रहिवाशांनी महानगरपालिकेच्या सहकार्याने आपले मृतप्राय तळे पुन्हा जिवंत केले आणि तिथे पाणपक्षी परतले, हेही त्याच रस्त्यावर घडले.

अशा जिवंत झालेल्या तळ्यात आपला हौसेचा गप्पी काय करतो? तो डासांच्या अळ्या खातो, तशीच देशी माशांची अंडी आणि कोवळी पिल्लेही खातो. घाण पाणी तो सोसतो, दांडवण सोसत नाही. पाणी जितके बिघडेल तितके राज्य त्याचे. पुण्याच्या मुळा-मुठेच्या मत्स्यसूचीतही त्याचे नाव लागलेले आहे. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर गॅम्बुसिया आणि गप्पी ह्या दोन्ही माशांचा प्रश्न आला, तेव्हा गप्पी सोडणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक ह्या दोघांचाही उल्लेख होता. आरोग्य खात्याचा त्यात दोष काढणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. एक गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो, असे सरकारी मार्गदर्शिका सांगते. बंद हौदात वा पडक्या विहिरीत हा हिशेब आजही खरा ठरतो. वाहत्या आणि मोकळ्या पाण्यात मात्र त्याच हिशेबाचे दुसरे पान उघडते, आणि त्यावर नावे मांडलेली असतात ती देशी माशांची.

डासही दरम्यान बदलले. हिवतापाची जागा शहरात पुष्कळशी डेंग्यूने घेतली. त्याचा वाहक असलेला पट्टेरी एडिस डास तळ्यात वाढत नाही. तो वाढतो कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरात आणि पाणीटंचाईच्या दिवसांत टँकरचे पाणी भरून ठेवलेल्या पिंपांत. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याची भीषण टंचाई झाली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केले. टंचाई आली की साठवण वाढते, आणि साठवणीला झाकण नसले की तिच्यात डास वाढतो. अशा डासासाठी तळ्यात मासा सोडणे म्हणजे घरात चोर शिरला असता वेशीवर पहारा बसवणे होय. त्याच्यासाठी उपाय रॉसच्या पिंपाचाच. महाराष्ट्रात आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे जे सांगतात, ते त्या १८८३ सालच्या उपायाचेच नवे नाव आहे.

तेव्हा श्रोतेहो, गप्पी पाळू नये असे ह्या इतिहासाचे सांगणे नाही. उलट तो अवश्य पाळावा. पाणी जिवंत कसे राहते, जन्म आणि मरण ह्यांची गणिते कशी चालतात, अती अन्नाने घात कसा होतो, हे मुलांना दोन हात लांबीच्या टाकीतून जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही. मात्र पाळणे म्हणजे सांभाळणे. नर आणि माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवल्या, म्हणजे काही महिन्यांनी वाढ थांबते. उरलेले मासे दुकानदार परत घेतो, दुसरा हौशी घेतो, किंवा इमारतीच्या बंदिस्त कारंज्यात त्यांची सोय होते. तळ्यात, ओढ्यात, नदीत मात्र ते जाऊ नयेत. आणि घराबाहेरच्या गटारातले पाणी तुंबलेले दिसले, तर त्यात मासे सोडण्याआधी ते पाणी वाहते कसे करता येईल, ह्याचा विचार व्हावा.

गप्पीने दोन खंडांत आणि दोन भूमिकांत आपल्याकडून जे काम घेतले गेले, ते निमूटपणे केले. त्याच्यावर जो भार आपण टाकला, तो मुळात आपला होता. तळे राखणे, विहीर उपसणे, पिंप झाकणे ही कामे गावाने करायची असतात. ती झाली तर मासा मदतीला येतो. ती झाली नाहीत तर लक्षावधी मासेही पुरत नाहीत, हे बार्बाडोसने १९२७ सालीच दाखवून दिले आहे.